अण्वस्त्रांची लक्ष्ये आणि निवडीचे स्वातंत्र्य

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

अण्वस्त्रांचा विषय निघाला म्हणजे ती किती आहेत आणि कोणाजवळ आहेत, एवढाच हिशेब बहुधा मांडला जातो. परंतु प्रत्येक अण्वस्त्र कोणत्या ना कोणत्या ठिकाणासाठी राखून ठेवलेले असते. ते ठिकाण कोण ठरवतो, केव्हा ठरवतो, आणि प्रत्यक्ष प्रसंग ओढवला असता राष्ट्राच्या प्रमुखाला त्यात काही फेरफार करता येतो की नाही, या प्रश्नांची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः अमेरिकेच्या राज्यकर्त्यांनी या एका प्रश्नावर १९६० पासून पुढची तीस-पस्तीस वर्षे अक्षरशः डोके आपटून घेतले. त्या खटाटोपाची हकीकत मोठी उद्बोधक आहे, आणि काहीशी भयंकरही.

प्रारंभी परिस्थिती अशी होती की, अमेरिकेचे हवाई दल, नौदल आणि भूदल हे तिघेही आपापल्या लक्ष्यांच्या याद्या स्वतंत्रपणे तयार करीत. एकाच गावावर तिघांचे बाँब पडायचे, आणि पहिल्याच्या स्फोटात दुसऱ्याचे विमान सापडायचे, असा प्रकार होण्याचा संभव होता. हवाई दलाच्या दूरगामी विभागाने १९५६ साली केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मॉस्को शहरात १७९, लेनिनग्राडमध्ये १४५ आणि पूर्व बर्लिनमध्ये ९१ नेमबिंदू धरलेले आढळतात. विमानतळ, कारखाने, रेल्वेची स्थानके यांच्या जोडीला त्या यादीत एक सदर सरळ 'लोकवस्ती' या नावाचे आहे. सरकारी कागदावर इतक्या उघडपणे हा शब्द लिहिला गेला असेल, अशी कल्पना पुष्कळांना नव्हती.

हा सावळागोंधळ मोडण्यासाठी संरक्षणमंत्री टॉमस गेट्स यांनी ऑगस्ट १९६० मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराजवळ, ऑफट येथील हवाई दलाच्या तळावर, एक संयुक्त लक्ष्यनियोजन कचेरी स्थापन केली. चार महिन्यांत तिने एक एकत्रित योजना सिद्ध केली, आणि १५ एप्रिल १९६१ पासून ती अंमलात आली. तीन हजारांहून अधिक अण्वस्त्रे आणि एक हजारांहून अधिक ठिकाणे असा तिचा विस्तार होता. तिचे मुख्य लक्षण म्हणजे ती एकसंध होती. राष्ट्राध्यक्षाने आज्ञा दिली की सारीच्या सारी योजना सुरू व्हायची. सोव्हिएट संघ, चीन आणि पूर्व युरोपातील त्यांचे स्नेही देश यांच्यावर एकाच वेळी प्रहार व्हायचा. भांडण कोणी काढले, कोठे काढले आणि कशावरून काढले, याला त्या योजनेत स्थान नव्हते.

डिसेंबर १९६० मध्ये ओमाहा येथे ही योजना संरक्षणमंत्र्यांना व सेनाप्रमुखांना समजावून देण्यात आली. त्या बैठकीची हकीकत तेथे हजर असलेल्या जॉन रूबेल या अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवली आहे. मृतांचे आकडे तक्त्यांवर दाखवले जात होते. मरीन दलाचे प्रमुख जनरल डेव्हिड शूप यांनी विचारले की, युद्ध चीनशी नसलेच तर काय? चीनला वगळण्याची काही सोय आहे काय? हवाई दलाच्या दूरगामी विभागाचे प्रमुख जनरल टॉमस पॉवर यांचे उत्तर अशा आशयाचे होते की, तसे करता येईल, परंतु तसे कोणाच्या मनात येऊ नये, कारण त्यामुळे योजनेची सगळी घडी विस्कटेल. शूप यांनी नंतर सांगितले की, जे युद्ध चीनचे नाही त्या युद्धात कोट्यवधी चिनी माणसे मारणारी योजना चांगली असू शकत नाही, आणि ही अमेरिकेची रीत नव्हे. त्या सभेत असा आक्षेप घेणारा तो एकटाच सेनानी होता.

योजना इतकी ताठर का झाली, याला काही कारणे होती. शेकडो विमानांचे मार्ग आणि वेळा मिनिटांच्या हिशेबाने जुळवायच्या होत्या. एक दोरा ओढला तर सगळे कापड आक्रसणार अशी भीती होती. यंत्रेही तशीच होती. मिनिटमन हे नवे क्षेपणास्त्र पहिल्या आराखड्याप्रमाणे पन्नासांच्या तुकडीने सोडायचे होते, म्हणजे एक किल्ली फिरवली की पन्नास क्षेपणास्त्रे निघाली. त्यांतले एकच सोडता येईल अशी दुरुस्ती मागाहून मोठ्या खर्चाने करावी लागली. परंतु केवळ यंत्रांना दोष देणे बरोबर होणार नाही. योजना आखणाऱ्यांची एक मनोवृत्तीही तिच्यामागे होती. प्रत्येक लक्ष्य नष्ट होईलच अशी खात्री वाटावी म्हणून एकेका ठिकाणावर अनेक अस्त्रे नेमली जात, आणि नासाडीचा अंदाज करताना केवळ स्फोटाचा दाब मोजला जाई. आगीने होणारा विध्वंस या हिशेबात धरलाच जात नसे, ही गोष्ट लिन ईडन या विदुषीने २००४ साली आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवून दिली. हिरोशिमा नगरी मुख्यत्वे आगीनेच भस्म झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गणिताचे मोल कळते.

केनेडी यांच्या कारकीर्दीत संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी या ताठरपणावर पहिला घाव घातला. १६ जून १९६२ रोजी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, ॲन आर्बर येथे, त्यांनी जाहीर केले की, अणुयुद्ध झालेच तर अमेरिकेचे मुख्य लक्ष्य शत्रूची लष्करी दले हे राहील, त्याची नागरी वस्ती नव्हे. शत्रूची शहरे प्रारंभी राखून ठेवायची, म्हणजे त्यालाही आपली शहरे राखण्याचे कारण उरेल, असा हा विचार होता. नव्या योजनेत चीनला व पूर्व युरोपातील देशांना वगळण्याची तरतूद झाली आणि प्रहाराचे काही टप्पे पाडण्यात आले.

हा विचार दिसायला दयाळू होता. त्याच्या पोटात मात्र एक काटा होता. शत्रूची क्षेपणास्त्रे त्यांच्या तळांवरच मारायची, तर ती उडण्यापूर्वी मारली पाहिजेत. म्हणजेच आधी प्रहार कोण करणार, ही शंका मॉस्कोच्या मनात उत्पन्न होणे अपरिहार्य होते, आणि ती झालीही. इकडे स्वदेशात हवाई दलाने याच तत्त्वाचा आधार घेऊन अधिकाधिक क्षेपणास्त्रांची मागणी सुरू केली, कारण शत्रूने एक तळ वाढवला की तो मारण्यासाठी आणखी अस्त्रे हवीत. मॅक्नमारा यांना हे लवकरच उमगले. त्यांनी जाहीर भाषा बदलली आणि 'खात्रीचा विनाश' हा मापदंड पुढे केला. सोव्हिएट लोकसंख्येचा पाचवा ते चौथा हिस्सा आणि उद्योगांचा निम्मा भाग नष्ट करण्याची शक्ती शिल्लक राहिली की पुरे, असे त्याचे स्वरूप. हा मापदंड खर्चाला लगाम घालण्यासाठी होता. ओमाहाच्या कचेरीतील लक्ष्ययादी पूर्वीप्रमाणेच प्रामुख्याने लष्करी ठिकाणांची राहिली. व्यासपीठावरचे धोरण एक आणि तिजोरीतली योजना दुसरी, अशी विसंगती तेव्हापासून सुरू झाली, आणि ती पुढे कधी पूर्णपणे मिटली नाही.

१९६९ साली निक्सन अधिकारावर आले, तेव्हा त्यांना ही योजना दाखवण्यात आली आणि ते अस्वस्थ झाले. १९७० च्या फेब्रुवारीत काँग्रेसला सादर केलेल्या परराष्ट्रधोरणविषयक निवेदनात त्यांनी प्रश्नच विचारला: आपल्याही नागरिकांची कत्तल निश्चित आहे हे ठाऊक असताना, शत्रूच्या नागरिकांचा सरसकट संहार एवढा एकच पर्याय राष्ट्राध्यक्षाच्या हाती असावा काय? प्रश्न रास्त होता. परंतु सेनाधिकाऱ्यांकडून लहान पर्याय मिळवताना त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या नाकी नऊ आले. एक हकीकत सांगितली जाते ती अशी. सोव्हिएट सेना इराणात घुसली तर कोणता मर्यादित प्रहार करता येईल, असे त्यांनी विचारले, तेव्हा सरहद्दीजवळच्या लष्करी ठिकाणांवर सुमारे दोनशे अण्वस्त्रे टाकण्याची योजना त्यांच्यापुढे आली. तुमची डोकी ठिकाणावर आहेत काय, असे म्हणून किसिंजर यांनी ती परत पाठवली. पुढल्या खेपेस अवघ्या दोन-तीन अस्त्रांची योजना आली. ती पाहून ते पुन्हा संतापले, कारण इतका क्षुद्र प्रहार पाहून शत्रूला अमेरिका कचरली असेच वाटले असते. दोनशे फार आणि दोन थोडी. मग नेमकी किती, याचे उत्तर त्यांच्याजवळही नव्हते.

तथापि धोरण ठरले. १० जानेवारी १९७४ रोजी संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर यांनी लक्ष्यनिवडीतील या फेरबदलाची वाच्यता केली, आणि १७ जानेवारीला निक्सन यांनी त्यासंबंधीच्या गुप्त आदेशावर सही केली. यापुढे राष्ट्राध्यक्षाजवळ लहानमोठ्या अनेक पर्यायांची फळी असेल, शत्रूची काही मर्मस्थाने जाणूनबुजून राखून ठेवली जातील आणि युद्ध शक्य तितक्या खालच्या पायरीवर थांबवण्याचा यत्न होईल, असा त्याचा सारांश होता.

सेनेटच्या समितीपुढे या धोरणाची जी छाननी झाली, ती मुळातून वाचण्याजोगी आहे. अमेरिकेच्या क्षेपणास्त्रतळांवर सोव्हिएट संघाने मर्यादित हल्ला केला तर किती माणसे मरतील, असे श्लेसिंजर यांना विचारण्यात आले. सप्टेंबर १९७४ मध्ये त्यांनी सुमारे ८ लाखांचा आकडा दिला. सदस्यांचे समाधान झाले नाही. गृहीतकृत्ये तपासली गेली. स्फोट हवेत उंच होईल की जमिनीलगत, वारा कोणत्या दिशेचा असेल, लोकांना तळघरांत आसरा मिळेल की नाही, यांवर आकडा कसा झुलतो ते दिसून आले. काँग्रेसच्याच तंत्रज्ञानविषयक कचेरीने १९७९ साली याच प्रकारच्या हल्ल्याचा अंदाज २० लाख ते २ कोटी मृत्यू असा दिला. ज्या हल्ल्याला 'मर्यादित' म्हणायचे, त्याच्या अंदाजात खालचे आणि वरचे टोक यांत दसपट अंतर! किरणोत्सर्गी धुळीला पर्यायांची भाषा समजत नाही.

दरम्यान यंत्रे सुधारली होती. पूर्वी एका मिनिटमन क्षेपणास्त्राचे लक्ष्य बदलायचे तर तंत्रज्ञांना भूमिगत विवराशी प्रत्यक्ष जाऊन त्याची माहितीफीत बदलावी लागे. १९७० नंतरच्या दशकात अशी योजना बसवण्यात आली की, नियंत्रणकक्षात बसूनच नवे लक्ष्य क्षेपणास्त्राच्या गणकयंत्रात भरता यावे. दिवसाचे काम अर्ध्या-पाऊण तासावर आले. शिवाय १९७० साली दाखल झालेल्या मिनिटमनच्या तिसऱ्या आवृत्तीत एका क्षेपणास्त्राच्या टोकाशी तीन स्फोटके होती आणि ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाठवता येत. येथे लक्ष्य बदलणारे हात मात्र आंधळेच राहिले. विवराजवळच्या कक्षात चोवीस तास बसणाऱ्या दोन तरुण अधिकाऱ्यांना आपले क्षेपणास्त्र कोणत्या गावावर जाणार आहे, याची माहिती दिली जात नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळले पाहिजे. मर्यादित प्रहार करणाऱ्याला तो मर्यादित आहे हे ठाऊक असते. ज्याच्यावर तो होतो, त्याला ते कसे समजावे? त्याला दिसतात त्या रडारच्या पडद्यावर चढत जाणाऱ्या रेषा, आणि विचाराला मिळतो तो फार तर अर्धा तास. सोव्हिएट सेनानींनी आपल्या लिखाणात दोन महासत्तांमधील मोजूनमापून केलेल्या अणुयुद्धाची कल्पना वारंवार झिडकारली होती. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक डेस्मंड बॉल यांनी १९८१ साली एका प्रबंधात हा प्रश्न दुसऱ्या बाजूने उचलला. युद्ध आवरते ठेवायचे, तर राष्ट्राध्यक्ष, त्याची संदेशवहनाची साधने, उपग्रह, रडार आणि शत्रूशी बोलण्याची तार ही सगळी पहिल्या काही स्फोटांनंतरही शाबूत राहिली पाहिजेत. नेमकी हीच साधने सर्वांत नाजूक असतात. काही डझन स्फोटांनंतर युद्धावर ताबा ठेवणे अशक्य होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि तो खोडून काढणे त्यांच्या टीकाकारांना जमले नाही.

तरीही गाडी पुढे चाललीच. २५ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी काढलेल्या आदेशाने सोव्हिएट राज्यकर्ते, त्यांचे भूमिगत आसरे आणि त्यांची आज्ञायंत्रणा यांना लक्ष्यांमध्ये ठळक स्थान दिले. शत्रूच्या नेत्यांना जी वस्तू सर्वांत प्रिय, म्हणजे त्यांची स्वतःची सत्ता, तिलाच धाक घालायचा, ही कल्पना वरवर पाहता चतुर वाटते. परंतु युद्ध मध्येच थांबवायचे तर तहाची बोलणी करायला समोर कोणीतरी जिवंत असावे लागते आणि त्याची आज्ञा त्याच्या सैन्यापर्यंत पोहोचावी लागते. दोन्ही हेतू एकाच आदेशात नांदत होते.

याच सुमारास नीतीचा प्रश्न उघडपणे चर्चेला आला, आणि तो आणला धर्मपीठाने. शहरेच्या शहरे सरसकट नष्ट करणारे युद्धकृत्य हा देव आणि मानव यांच्याविरुद्धचा अपराध होय, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली निःसंदिग्ध शब्दांत म्हटले होते. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९८३ च्या मे महिन्यात एक प्रदीर्घ पत्र काढले, आणि ते तयार होत असताना सरकारला सरळ विचारले की, तुमची अस्त्रे नागरी वस्त्यांवर रोखलेली आहेत काय? राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षाविषयक सल्लागार विल्यम क्लार्क यांनी उत्तर दिले की, सोव्हिएट नागरी लोकसंख्या ही लोकसंख्या म्हणून अमेरिकेचे लक्ष्य नाही. बिशपांनी हे उत्तर नमूद केले आणि त्याच्या शेजारीच दुसरी माहिती मांडली: एकट्या मॉस्को शहराच्या आत ६० 'लष्करी' लक्ष्ये आणि सबंध सोव्हिएट संघात अशी ४०,००० लक्ष्ये निश्चित केलेली आहेत. या दोन विधानांमधील अंतर मोजायला युद्धशास्त्राचे ज्ञान लागत नाही. १९५६ च्या कागदावरचा 'लोकवस्ती' हा शब्द गेला होता; वस्ती होती तेथेच होती. अणुयुद्ध मर्यादित ठेवता येईल या दाव्यावरही बिशपांनी अविश्वास व्यक्त केला. एवढे मात्र त्यांच्याविषयी म्हटले पाहिजे की, प्रतिबंध म्हणून अण्वस्त्रे बाळगण्यास त्यांनी सशर्त मुभा दिली, आणि त्यामुळे दोन्ही पक्षांचे लोक त्यांच्यावर नाराज झाले.

शीतयुद्ध ओसरल्यावर कपाटे उघडली गेली. १९९१ च्या जानेवारीत जनरल जॉर्ज ली बटलर यांनी दूरगामी विभागाची सूत्रे हाती घेतली आणि लक्ष्यांची यादी एकेक करून स्वतः तपासली. शीतयुद्धाच्या भरात ही यादी साडेबारा हजारांवर गेली होती. अनेक ठिकाणे केवळ अस्त्रे शिल्लक आहेत म्हणून नेमली गेली असावीत, अशा थराला गोष्ट पोहोचली होती. वीस-तीस वर्षे राष्ट्राध्यक्षांनी लवचिकतेचे आदेश काढले, त्यांतले ओमाहाच्या कपाटापर्यंत किती पोहोचले, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला. बटलर यांनी यादीला कठोर कात्री लावली. निवृत्तीनंतर ते अण्वस्त्रांच्या संपूर्ण निर्मूलनाचा पुरस्कार करू लागले.

हिंदुस्थानातही हा वाद अगदीच परका नाही. ४ जानेवारी २००३ रोजी भारत सरकारने जाहीर केलेल्या धोरणात दोन गोष्टी आहेत: अण्वस्त्रांचा पहिला वापर भारत करणार नाही, आणि त्याच्यावर वापर झालाच तर प्रत्युत्तर प्रचंड व असह्य हानी करणारे असेल. पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये 'नस्र' या आखूड पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली, तेव्हापासून 'प्रचंड' हा शब्द राखावा की प्रहार प्रसंगानुरूप ठेवावा, यावर आपल्या तज्ज्ञांत दोन तट पडले. श्याम सरन यांनी एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील भाषणात मर्यादित अणुयुद्ध ही कल्पनाच आत्मविसंगत असल्याचे सांगितले. १० नोव्हेंबर २०१६ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर, यांनी पहिल्या वापराविषयी स्वतःला आगाऊ बांधून का घ्यावे असा प्रश्न उपस्थित केला. ते आपले वैयक्तिक मत असल्याचे त्यांनीच स्पष्ट केले आणि अधिकृत धोरण बदलले नाही. या वादात भाग घेणाऱ्यांनी १९७४ ची सेनेटपुढील साक्ष आणि त्यातले झुलते आकडे नजरेखालून घालणे अगत्याचे आहे. दिल्ली आणि लाहोर यांच्यामधले अंतर ओमाहा आणि मॉस्को यांच्यामधल्या अंतरापुढे काहीच नाही, आणि वारा तर त्याहूनही जवळचा.

अमेरिकेत ही कथा पुढे चालूच राहिली. जून २०१३ मध्ये ओबामा यांच्या सरकारने लक्ष्यनिवड युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांना धरून राहील आणि नागरी वस्त्यांना मुद्दाम लक्ष्य केले जाणार नाही, असे जाहीर केले. त्याच कागदात शत्रूच्या लष्करी दलांना लक्ष्य करण्याची शक्ती राखण्याचेही ठरले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेने ट्रायडंट क्षेपणास्त्रावरील एक कमी शक्तीचे स्फोटक पाणबुड्यांवर दाखल झाल्याचे सांगितले. राष्ट्राध्यक्षाच्या हाती आणखी एक लहान पर्याय असावा, हे त्याचे समर्थन. त्याच पाणबुडीवर तसल्याच क्षेपणास्त्रावर सुमारे ९० किलोटन शक्तीची स्फोटकेही असतात, आणि हिरोशिमावरचा बाँब सुमारे १५ किलोटनांचा होता. समुद्रातून क्षेपणास्त्र वर आले म्हणजे त्याच्या टोकाशी यांपैकी काय आहे, हे पाहणाऱ्याला ओळखता येत नाही.

१४ जानेवारी १९९४ रोजी मॉस्को येथे क्लिंटन आणि येल्त्सिन यांनी एक करार केला, आणि त्याप्रमाणे ३० मे १९९४ पर्यंत दोन्ही देशांनी आपली दूरगामी क्षेपणास्त्रे एकमेकांवरून वळवली. अमेरिकेच्या मिनिटमन क्षेपणास्त्रांच्या यंत्रात नेहमीचे लक्ष्य म्हणून खुल्या महासागरातील ठिकाणे घालण्यात आली. चुकून एखादे सुटलेच तर ते पाण्यात पडावे, हा हेतू. मूळ लक्ष्ये गणकयंत्रांच्या स्मृतीत जपून ठेवलेली आहेत, आणि ती परत भरायला काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.